बॉस केट : ठिणगीची वेळ साधणारा माणूस

सुरुवातीलाच एक कबुली देते. पहिली ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी विषय होता, पण तो पेपरपुरता. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागासाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून दे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. शिवाय थोर व्यक्तींची आपली यादी ठरलेली. त्यांच्यावर दरवर्षी लेख येतात आणि माझ्यापेक्षा चांगलं मराठी असणारे ते लिहितात. म्हणून मी असा माणूस निवडला, जो त्याच्या काळात अमेरिकेत गाजलेला होता, पण आपल्याकडे मेकॅनिकलच्या मुलांनाही फक्त एका सर्किटच्या नावापुरता माहीत असतो. चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. त्याची माझी ओळख कशी झाली? तर माझं मनगट मोडलं म्हणून!

आमच्या आजोबांची एक अँबॅसडर आहे. मार्क टू, पेट्रोल, १४८९ सीसी. गावाकडे गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ती कितीतरी वर्षं उभी होती. भंगारवाले यायचे, वजनावर भाव सांगायचे आणि आजोबा त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर मी आणि माझ्या चुलतभावाने ठरवलं, की हे इंजिन आपण बांधायचं. ब्लॉक उद्यमनगरात नेऊन बोअर करून आणला. पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, क्रँक घासून घेतली, हेडला नवीन व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या. बाकी सगळी जोडणी घरी, पुस्तक समोर ठेवून. टायमिंग चेनच्या खुणा तीन-तीनदा बघितल्या. डिस्ट्रिब्युटर मात्र अंदाजाने बसवला. एकदा इंजिन सुरू झालं की कानाने ऐकून फिरवू, असा आमचा हिशोब.

बॅटरी जुनी होती, त्यामुळे सेल्फ फिरेना. मग दादाने डिकीतून हँडल काढलं. मुलगी म्हणून बाजूला उभी राहणार नाही, हा माझा हट्ट. मी मूठ आवळून हँडल धरलं आणि वरून खाली जोर दिला. इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि मग हँडल उलट्या दिशेने असं काही उसळलं, की मी शेडच्या दारात जाऊन बसले. एक्स-रेमध्ये मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला हाडाला चीर निघाली. प्लॅस्टर घालताना हाडांचे डॉक्टर हसत होते. त्यांनी सांगितलं, की या फ्रॅक्चरचं नावच शोफर्स फ्रॅक्चर आहे. शंभर वर्षांपूर्वी गाडीला हँडल मारणाऱ्या ड्रायव्हर लोकांना ते हमखास व्हायचं. पुस्तकात वाचलं होतं, पण हँडलने झालेलं ते पहिल्यांदाच बघत होते म्हणे.

प्लॅस्टरमुळे पाना हातात धरता येईना. मग वाचायला लागले, आणि केटरिंग भेटला.

त्याच्याकडे जाण्याआधी ते हँडल उलटं का फिरलं, हे दोन मिनिटांत सांगते. सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी घाबरू नये. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. हा काही बॉम्बसारखा स्फोट नसतो. ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि सगळं मिश्रण जळायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. दाब सर्वांत जास्त कधी हवा? पिस्टन वर पोचून नुकताच खाली निघाला असेल तेव्हा. म्हणून ठिणगी थोडी आधी टाकावी लागते. किती आधी, ते वेगावर ठरतं. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर दोन मिलिसेकंदांत क्रँक ३६ अंश फिरते. हँडल मारताना मिनिटाला शंभर फेरे धरले, तर तेवढ्याच वेळात जेमतेम एक अंश! म्हणजे हँडल मारताना ठिणगी तीस अंश आधी पडली, तर पिस्टन वर चढत असतानाच सगळं मिश्रण जळून मोकळं. मग तो दाब पिस्टनला उलटा खाली ढकलतो आणि हँडल तुमच्या हातावर येतं. आमच्या अंदाजाने हेच केलं होतं.

जुन्या गाड्यांमध्ये स्टिअरिंगजवळ ठिणगीची वेळ बदलायची एक दांडी असायची. हँडल मारण्याआधी ती मागे ओढायची आणि गाडी पळायला लागली की पुढे करायची. विसरलात, तर मनगट गेलं.

आता केटरिंग. त्याचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळ शेतकऱ्याच्या घरात तो जन्मला. पाच भावंडांतला चौथा. हुशार होता, पण डोळे अधू. थोडं वाचलं की डोकं ठणकायला लागायचं. शाळा संपल्यावर त्याने खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली, मग इंजिनिअरिंगसाठी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. तिथे डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडावं लागलं. घरी बसून राहण्यापेक्षा म्हणून तो एका टेलिफोन कंपनीच्या टोळीत खांबांसाठी खड्डे खणायला लागला. खड्डे खणता खणता तो टेलिफोनची जोडणी शिकला, तिथला तंत्रज्ञ झाला. उघड्यावरच्या कामाने डोळ्यांनाही आराम पडला. याच काळात त्याला ऑलिव्ह विल्यम्स भेटली. पुढे १९०५ मध्ये त्यांचं लग्न झालं.

मग तो पुन्हा कॉलेजात गेला. मित्र त्याला पुस्तकं वाचून दाखवायचे आणि तो ऐकून अभ्यास करायचा. १९०४ मध्ये पदवी मिळाली तेव्हा त्याचं वय होतं २७. आपल्याकडे एक वर्ष डाऊन गेलं तर घरी तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणून हा आकडा मुद्दाम लिहिला आहे.

इथे मला आपल्याच भागातला एक माणूस आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागली आणि ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुण्याकडे जाताना आपल्या रेल्वेला किर्लोस्करवाडी लागते. ती वसाहत सुरू झाली १९१० मध्ये. त्याच वर्षी, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, केटरिंगच्या ठिणगीवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर आल्या. डोळ्यांनी वाट अडवली म्हणून दोघेही यंत्रांकडे जास्तच खेचले गेले, असं मला वाटतं.

पदवीनंतर केटरिंग डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागला. दुकानाच्या गल्ल्यावर असायचं ते हिशोबाचं यंत्र ही कंपनी बनवायची. प्रत्येक विक्रीला त्याचा दांडा हाताने ओढावा लागे. केटरिंगने त्याला विजेची मोटर बसवली. गल्ल्याच्या यंत्रात मोठी मोटर मावणार कशी? त्याने विचार केला, की ही मोटर दिवसभर थोडीच फिरायची आहे? एका वेळी सेकंदभर जोर लावायचा आणि मग विश्रांती. म्हणून मोटर छोटी ठेवली आणि थोड्या वेळासाठी तिच्यावर तिच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकला. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्याच कंपनीतला एडवर्ड डीड्स हा वरिष्ठ त्याचा मित्र झाला. डीड्सच्या घरामागे एक मोठं कोठार होतं. संध्याकाळी नोकरी संपली, की केटरिंग आणि कंपनीतले चार-सहा जण तिथे जमायचे आणि रात्री उशिरापर्यंत मोटारींवर प्रयोग करायचे. या मंडळींना कोठार टोळी असं नाव पडलं. आपल्या हॉस्टेलवर प्रोजेक्टच्या आदल्या आठवड्यात जे चालतं, ते यांच्याकडे वर्षभर चालायचं.

त्यांनी सर्वांत आधी हात घातला तो ठिणगीलाच. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांमध्ये थरथरणाऱ्या पट्टीची कॉइल असायची. ती एक ठिणगी टाकत नसे, ठिणग्यांचा सडाच टाकायची. त्यातल्या नेमक्या कोणत्या ठिणगीने मिश्रण पेटेल याचा नेम नाही, आणि कोरड्या बॅटऱ्याही लवकर संपायच्या. केटरिंगने अशी रचना केली, की हव्या त्या क्षणी एकच जोरदार ठिणगी पडावी. पुढे सुधारणा होत होत तिला जे रूप आलं, ते सगळं आजोबांच्या अँबॅसडरमध्ये आहे. कॉइलच्या आतल्या जाड तारेतून १२ व्होल्टचा प्रवाह वाहत असतो. डिस्ट्रिब्युटरमधला कॅम फिरता फिरता पॉइंट उघडतो. प्रवाह अचानक तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार होतो. रोटर तो ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पाठवतो. कंडेन्सर पॉइंटवर ठिणगी होऊ देत नाही. म्हणजे ठिणगीची वेळ कोण ठरवतं, तर पॉइंट उघडण्याचा तो एक क्षण. या सगळ्याला आजही केटरिंग इग्निशन म्हणतात. पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्यावरच चालल्या.

कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लीलँड हा अचूक मापांसाठी प्रसिद्ध माणूस. त्याने हे काम पाहिलं आणि हजारो संचांची ऑर्डर दिली. ऑर्डर तर मिळाली, पण कारखाना कुठे होता? १९०९ मध्ये केटरिंगने पक्की नोकरी सोडली आणि डीड्सबरोबर डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज ही कंपनी काढली. तिचंच लघुरूप डेल्को.

आता येते ती माझ्या मनगटाची गोष्ट. बायरन कार्टर नावाचा एक मोटार बनवणारा गृहस्थ लीलँडचा मित्र होता. असं सांगतात, की एका पुलावर एका बाईंची मोटार बंद पडली होती. कार्टर मदतीला थांबला, त्याने हँडल मारलं आणि ते उलटं फिरून त्याच्या जबड्यावर बसलं. एप्रिल १९०८ मध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. लीलँडने ही गोष्ट मनाला लावून घेतली आणि हँडलच नको असं ठरवलं, असं मोटारींच्या इतिहासात नेहमी सांगितलं जातं.

इंजिन विजेने फिरवायचं, ही कल्पना नवी नव्हती. पण जाणकार म्हणायचे, की तेवढ्या ताकदीची मोटर आणि बॅटरी ठेवली तर गाडीत माणसांना जागाच उरणार नाही. केटरिंगला गल्ल्याचं यंत्र आठवलं. इंजिन सुरू व्हायला लागतात काही सेकंद. तेवढ्यापुरती छोट्या मोटरला तिच्या कुवतीबाहेर राबवली तर ती जळत नाही. इंजिन सुरू झालं, की तेच यंत्र डायनॅमो होऊन बॅटरी भरायला लागेल आणि त्याच विजेवर दिवे आणि इग्निशनही चालेल. १९११ च्या फेब्रुवारीत हा संच कॅडिलॅकवर चालवून दाखवला गेला आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये तो कंपनीकडूनच बसून आला. तिथून पुढे गाडी सुरू करायला दंडात ताकद असण्याची गरज उरली नाही. गाडी चालवणाऱ्या बायकांची संख्या वाढण्यामागे हे एक मोठं कारण मानतात. आम्हा मुलींनी या माणसाचे आभार मानायला हरकत नाही.

इथे लेख संपवला असता, तर छान प्रेरणादायी झाला असता. पण पुढचं वाचल्यावर मला तसं संपवता आलं नाही.

नव्या इग्निशनच्या आणि सेल्फच्या गाड्या चढाला लागल्या, की इंजिनातून टकटक आवाज येतो अशी तक्रार व्हायला लागली. आपण त्याला नॉकिंग म्हणतो. लोकांनी दोष दिला तो केटरिंगच्या इग्निशनला. ठिणगी चुकीच्या वेळी पडते म्हणून असं होतं, हा आरोप. केटरिंगला तो पटेना. १९१६ मध्ये थॉमस मिजली हा तरुण इंजिनिअर त्याच्याकडे आला आणि केटरिंगने त्याला या आवाजाच्या मागे लावलं. त्यांच्या शोधात निघालं, की ठिणगी वेळेवर पडली तरीही नॉकिंग होतं. ज्योत पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबामुळे आणि उष्णतेमुळे आपोआप पेट घेतं, आणि तोच हा टकटक आवाज. दोष ठिणगीत नव्हता, पेट्रोलमध्ये होता.

ठिणगी थोडी उशिरा टाकली, तर नॉकिंग कमी होतं. पण ताकदही कमी होते. म्हणून त्यांनी पेट्रोलच बदलायचं ठरवलं. सुरुवातीचा किस्सा मजेशीर आहे. लाल रंग उष्णता जास्त शोषेल या कल्पनेने त्यांनी पेट्रोलमध्ये हाताशी असलेलं आयोडीन टाकलं, आणि नॉकिंग खरंच कमी झालं! मग दुसरे लाल रंग टाकून पाहिले, तर काहीच नाही. म्हणजे कल्पना चुकीची, पण वाट सापडली. पुढची काही वर्षं ते एकामागून एक रसायन तपासत राहिले. त्यातली काही इतक्या घाण वासाची, की कपड्यांना महिनोन् महिने वास यायचा. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा प्रयोग झाला. हजार भाग पेट्रोलला एक भागापेक्षाही कमी पुरत होतं. टकटक बंद!

शिसं विषारी असतं हे तेव्हा माहीत नव्हतं, असं नाही. ते फार जुनं ज्ञान आहे. मिजली स्वतःच शिशाच्या त्रासाने आजारी पडून १९२३ मध्ये विश्रांतीला गेला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत डेटनमध्ये हे पेट्रोल पंपावर विकायला आलं. १९२४ मध्ये ते विकायला वेगळी कंपनी निघाली आणि तिचा पहिला अध्यक्ष झाला केटरिंग. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या रिफायनरीत हे रसायन तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊन पाच जण मेले. विक्री थांबली. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी आरोग्य खात्याने परिषद बोलावली. हार्वर्डच्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तिथे कडाडून विरोध केला. केटरिंगने बाजू घेतली ती शिशाची. नंतर नेमलेल्या समितीला बंदी घालण्याइतका पुरावा मिळाला नाही आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. जगभर ती पसरली. लहान मुलांच्या मेंदूची वाढ शिशामुळे खुंटते हे पुढे सिद्ध झालं आणि मग एकेक देश ते बंद करत गेला. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने ते २०२१ मध्ये बंद केलं. म्हणजे शोध लागल्यापासून शंभर वर्षांनी!

हे वाचल्यावर मला आजोबांच्या इंजिनाचं हेड आठवलं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटवर शिशाचा पातळ थर बसायचा आणि त्यामुळे त्या लवकर झिजत नसत. आता शिसं नाही, म्हणून आम्ही कडक धातूच्या नव्या सीट बसवल्या होत्या. तेव्हा ते फक्त बिलातलं एक कलम होतं. त्यामागे एवढी गोष्ट असेल असं वाटलं नव्हतं.

आणि कोल्हापूरकरांनी लक्ष द्यावं अशी एक गंमत. अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग कमी होतं, हे केटरिंग आणि मिजलीला पक्कं माहीत होतं. त्यांनी ते करूनही पाहिलं होतं. पण अल्कोहोल पुष्कळ प्रमाणात मिसळावं लागतं, आणि त्यावर शिशासारखी मक्तेदारी मिळवता आली नसती. शिसं थोडंसं पुरायचं आणि नफाही द्यायचं. आज आपल्या जिल्ह्यातल्या उसापासून इथेनॉल बनतं, आणि २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. त्याचेही प्रश्न आहेत. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्याने खराब होतात, आम्हीही ते बदलले. पण १९२१ मध्ये डाव्या हाताला टाकलेली वाट आज आपण पुन्हा धरली आहे, हे मात्र खरं.

मग केटरिंग वाईट माणूस होता का? मला तसं लिहिता येत नाही. १९२० पासून १९४७ पर्यंत तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. सगळे त्याला बॉस केट म्हणायचे. त्याच्या नावावर शंभराहून जास्त पेटंट आहेत. अपयशही पचवलं. पाण्याऐवजी हवेने थंड होणारं, तांब्याच्या पट्ट्यांचं शेव्हरलेट इंजिन त्याने काढलं. ते इतकं फसलं, की १९२३ मध्ये विकलेल्या गाड्या परत घ्याव्या लागल्या. तो कंपनी सोडायला निघाला होता. आल्फ्रेड स्लोन या अध्यक्षाने त्याला थांबवून घेतलं. पुढे त्याच्याच विभागाने दोन स्ट्रोकचं हलकं डिझेल इंजिन विकसित केलं आणि त्यावर अमेरिकेतल्या रेल्वेने वाफेची इंजिनं मोडीत काढली. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरच्या संशोधनासाठी संस्था निघाली, तिला स्लोन आणि केटरिंग या दोघांची नावं दिली गेली. दुर्दैव असं, की पुढच्याच वर्षी त्याची पत्नी ऑलिव्ह कॅन्सरनेच गेली. वर्गात शिकणं आणि कारखान्यात काम करणं आलटून पालटून व्हावं, असा त्याचा आग्रह होता. फ्लिंटमधल्या ज्या कॉलेजात ही पद्धत चालते, त्याचं नाव १९९८ पासून केटरिंग युनिव्हर्सिटी आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो डेटनमध्ये वारला.

मला जे वाटतं ते साध्या भाषेत लिहिते. केटरिंगचं मोठेपण कशात होतं? लोक इग्निशनला दोष देत होते, तेव्हा तो खऱ्या कारणापर्यंत गेला. त्याची चूक कशात होती? आवाज बंद झाला तिथे तो थांबला. इंजिनाचा आवाज बंद झाला, पण धुराड्यातून काय बाहेर पडतंय, ते कोण श्वासात घेतंय, हा प्रश्न त्याच्या गणितात आलाच नाही. तो विचारणारे लोक समोर उभे होते, तरीही. आपण लॅबमध्ये रीडिंग जुळलं की जर्नल मिटतो. मीही मिटते. आता मिटताना जरा टोचतं.

असो. गाडीचं काय झालं, हे विचाराल म्हणून सांगते. प्लॅस्टर निघाल्यावर दादाने उद्यमनगरातल्या एका वयस्कर मेस्त्रींना गावी आणलं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी कानाने काही ऐकलं नाही. आधी पॉइंटचा गॅप फिलर गेजने ०.४ मिलिमीटरच्या आसपास लावला, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. मग एक नंबरचा प्लग काढून भोकावर मला अंगठा ठेवायला सांगितलं आणि हँडल हळूहळू फिरवलं. अंगठ्याला आतून हवेने ढकललं, म्हणजे हा कॉम्प्रेशनचा फेरा. नुसत्या पुलीच्या खुणेवर विसंबलं तर फसतो, कारण ती खूण दोन फेऱ्यांत दोनदा जुळते. मग पुलीची खाच पुस्तकात दिलेल्या अंशावर आणली आणि रोटर एक नंबरकडे बघतोय याची खात्री केली. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी तार जिथे जोडतात, तिथून बॉडीपर्यंत १२ व्होल्टचा एक साधा बल्ब जोडला. चावी चालू केली. डिस्ट्रिब्युटर सैल करून आधी रोटरच्या दिशेने फिरवला, बल्ब विझला. मग उलट दिशेने अगदी केसभर, केसभर. ज्या क्षणी बल्ब लागला, तिथेच पाना आवळला. पॉइंट उघडण्याचा क्षण तो हाच.

हँडल मारायचं तर अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा आणि खालून वर ओढायचं, म्हणजे उलटं फिरलं तरी मूठ सुटते, हेही मामांनी शिकवलं. पण ती वेळ आली नाही. नवी बॅटरी आणली होती. आजोबा पुढच्या सीटवर बसले, मी सेल्फ मारला आणि दुसऱ्या फेऱ्यात इंजिन लागलं. गावाबाहेरच्या चढावर मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. टकटक नव्हती.

आजच्या गाड्यांत पॉइंट नाही, डिस्ट्रिब्युटरही नाही. क्रँकजवळचा सेन्सर आणि एक छोटा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ ठरवतात, आणि नॉकिंग ऐकू आलं की आपणहून वेळ मागे घेतात. पण तो कॉम्प्युटरही प्रश्न तोच सोडवतो, जो डेटनच्या कोठारात केटरिंग सोडवत होता. हॉस्टेलमधल्या ज्यांना बल्बने टायमिंग लावून बघायचं असेल त्यांनी एखाद्या रविवारी आमच्या गावी यावं. आजोबा चहा पाजतात, आणि तुम्ही गाडी विकत मागितली नाहीत तर जेवूही घालतात.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी